1934 चा खटला आणि आपल्या मुलांचा मोबाइल

र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली होती. मासिकात वाचक आपल्या लैंगिक शंका विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. 1931 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये दुसरा झाला, तो या प्रश्नोत्तरांवरून. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक विचारतात म्हणजे त्यांना माहिती हवी आहे, आणि एखाद्या प्रश्नात विकृती दिसलीच तर तीही ज्ञानानेच जाईल, असा बाबासाहेबांचा रोख होता. कोर्टाला तो पटला नाही. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

मी मोडनिंबला उर्दू आणि मराठी शिकवते. पालकसभा संपली की काही आया मागे थांबतात आणि दबक्या आवाजात एक विषय काढतात. मुले मोबाइलवरून एकमेकांना लैंगिक मजकूर, कधी स्वतःचे उघडे फोटो पाठवतात. यालाच 'सेक्स्टिंग' म्हणतात. कुणी म्हणते, ही परदेशी हवा आहे. कुणी म्हणते, मोबाइल काढून घ्या. कुणी तर मुलीची शाळाच बंद करायला निघते. मुले असे का करतात, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारते.

संशोधकांनी तो विचारला आहे. 2018 मध्ये शेरी मॅडिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत अठरा वर्षांखालील सुमारे 1 लाख 10 हजार मुले होती. साधारण सातांत एकाने असे काही पाठवले होते, चौघांत एकाला ते आले होते, आणि आठांत एकाने दुसऱ्याचे त्याला न विचारता पुढे ढकलले होते. यातले बहुतेक अभ्यास अमेरिका आणि युरोपातले आहेत, आपल्या गावांतले नाहीत, हे लक्षात ठेवू या.

मग संस्कृतीचा फरक पडतो का? सुसान बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये युरोपातील 20 देशांची तुलना केली. देश कोणताही असो, मुलांना यात ओढणाऱ्या गोष्टी बऱ्याचशा सारख्याच निघाल्या: वाढते वय आणि थरार शोधण्याची ओढ. फरक दिसला तो मुलगा-मुलगी यांत. परंपरा घट्ट धरणाऱ्या देशांत मुली कमी आणि मुलगे जास्त होते. म्हणजे तिथल्या परंपरेचा लगाम मुलींना होता, मुलग्यांना तेवढा नव्हता. लंडनच्या दोन शाळांतील मुलांशी बोलून 2012 मध्ये जेसिका रिंगरोझ आणि सहकाऱ्यांनी एक अहवाल लिहिला. धोका अनोळखी माणसापेक्षा वर्गातल्या ओळखीच्या मुलांच्या दबावात जास्त दिसला. फोटो मिळवणाऱ्या मुलाचा भाव वाढतो, फोटो देणारी मुलगी बदनाम होते. लंडनचे हे वर्णन वाचून मोडनिंबच्या माणसाला परके वाटेल का?

आपल्याकडे ही गोष्ट झटकन आली. 2004 मध्ये दिल्लीतील दोन शाळकरी मुलांची मोबाइलवरची चित्रफीत देशभर फिरली आणि एका संकेतस्थळावर विक्रीलाही लागली. तेव्हा खेड्यात कॅमेऱ्याचा मोबाइल मिरवण्याची वस्तू होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. 2020 च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाइलवर भरली. ज्या घरी एक फोन होता, तिथे तो मुलांच्या हातात गेला. शंका विचारायला जागा मात्र कुठेच वाढली नाही. उलट 2007 मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध होऊन ते थांबवले गेले.

'आपल्यात असे बोलत नाहीत,' हे वाक्य मी मुस्लिम घरांत फार ऐकते. इतिहास वेगळे सांगतो. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती ज़ेवर' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींच्या तालमीसाठी लिहिले गेले. त्यात हैज़, ग़ुस्ल, पाकीचे मसले उघड दिले आहेत, आणि मुलीला लग्नात हे पुस्तक देण्याची रीत पडली. थानवी आणि कर्वे यांचे विचार दोन टोकांचे. तरी शरीराबद्दल तरुणांना माहिती हवी, एवढे दोघांनीही मानले. हया म्हणजे गप्प बसणे नव्हे.

आणखी एक शब्द आपल्याजवळ आहे: अमानत. विश्वासाने दिलेला फोटो ही अमानत असते. तो ग्रुपवर टाकणारा ख़यानत करतो. दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही पर्दापोशीची शिकवण आपण मुलग्यांना कधी या संदर्भात समजावली आहे का? आपली सगळी नसीहत मुलीच्या ओढणीपाशी संपते.

कायदाही मुलग्यांना माहीत हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67-ब कलमात अठरा वर्षांखालील मुलांची अशी चित्रे बनवणे, पाठवणे, साठवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'तिनेच पाठवला' म्हणून सुटका होत नाही.

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. असे काही कळले तर आधी मुलीला मारू नका, तिची शाळा तोडू नका. पुरावा जपा, 1930 या सायबर क्रमांकावर किंवा 1098 या बालकांच्या क्रमांकावर फोन करा. फोटो पुढे पाठवणाऱ्याच्या घरीही तितक्याच गांभीर्याने बोला. आणि त्याआधीच, काहीही घडलेले नसताना, मुलगा आणि मुलगी दोघांनाही समोर बसवून त्यांना विचारू द्या. 1934 मध्ये उत्तर देणाऱ्याला दंड झाला. आज उत्तर न मिळाल्याचा दंड मुले भरत आहेत.