सोसलेले लिहून काढताना

घरातली मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या अनेकांना ते लिहावेसे, रंगवावेसे वाटते. १९८६ च्या एका अमेरिकन अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आयुष्यातला आघात लिहिला. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचे मन लगेच जड झाले, पण पुढील सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी होत्या. तेव्हा लिहिताना रडू आले तर घाबरू नका. झोपच उडाली, प्रसंग सतत डोळ्यांसमोर येऊ लागला, तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना भेटा.

मल्लिका अमर शेख यांनी संसारात सोसलेले ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये जगापुढे मांडले. तुम्ही मांडलेच पाहिजे असे नाही. त्रास देणारा घरातच असेल तर वही आधी सुरक्षित ठेवा. घरच्यांनो, ती न विचारता वाचू नका. महिलांसाठी मदत: १८१; मानसिक आधार: टेलि-मानस १४४१६.