कमरेचे पिस्तूल, मनावरचे ओझे

अंगावरच्या कपड्यांखाली, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा रीतीने, भरलेले पिस्तूल बाळगून बाजारात वा रस्त्यावर वावरण्याची मुभा अमेरिकेत सामान्य नागरिकाला मिळू शकते. ‘कॉन्सील्ड कॅरी’ या नावाने ती ओळखली जाते. तेथील अनेक राज्यांत परवाना मिळवणे फारसे अवघड नाही. त्यानंतर शस्त्रासह रोजचे आयुष्य जगायला शिकणे मात्र अवघड आहे. नव्या परवानाधारकाला शरीर, कायदा आणि स्वभाव अशा तिन्ही बाबतींत स्वतःला नव्याने घडवावे लागते.

परवान्याचा प्रवास

शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिला असला, तरी छुपे शस्त्र नेण्यावर बहुतेक राज्यांत दीर्घकाळ कडक बंधने होती. व्हरमाँट हे ठळक अपवाद. तेथे परवान्याची अट कधीच नव्हती. १९८७मध्ये फ्लोरिडाने निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना देण्याचे धोरण स्वीकारले आणि इतर राज्ये त्याच वाटेने गेली. टेक्सासमधील किलीन येथे १९९१ साली एका उपाहारगृहात झालेल्या गोळीबारात २३ जणांचा बळी गेला. तेथून निसटलेल्या सुझाना हप्प यांनी तेव्हाच्या कायद्यामुळे आपले रिव्हॉल्व्हर मोटारीतच ठेवले होते. त्यांचे आई-वडील मात्र मारले गेले. त्यांची साक्ष पुढे देशभर गाजली आणि १९९५मध्ये टेक्सासने परवाना पद्धती स्वीकारली. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात न्यूयॉर्कची ‘सबळ कारण दाखवा’ ही अट रद्द केली. २०२४ अखेरीस तर २९ राज्यांत परवान्याविनाही छुपे शस्त्र नेण्यास परवानगी होती.

पहिले काही आठवडे

नव्या परवानाधारकाला सर्वप्रथम जाणवते ते वजन. भरलेले पिस्तूल अर्ध्या किलोपासून एक किलोपर्यंत भरते. साधा पट्टा त्या भाराने खाली ओघळतो; म्हणून जाड, ताठ कमरपट्टा आणि चापाचा भाग पूर्ण झाकणारे, घट्ट बसणारे होल्स्टर या प्राथमिक गरजा मानल्या जातात. होल्स्टरविना खिशात किंवा पिशवीत टाकलेल्या पिस्तुलाच्या चापात किल्ली वा कापड अडकले, तरी गोळी सुटू शकते.

दुसरी अडचण मनाची. सारे जग आपल्याच कमरेकडे पाहत आहे, असे सुरुवातीला वाटत राहते. त्यामुळे सदरा सारखा करणे, शस्त्राला नकळत हात लावणे असे चाळे सुरू होतात आणि नेमके तेच लक्ष वेधून घेतात. वाकताना, बसताना कपड्यावर शस्त्राचा आकार उमटू नये यासाठी पोशाखही बदलावा लागतो. स्वच्छतागृहात काढून ठेवलेले पिस्तूल तिथेच विसरणे ही तर नेहमीची चूक. यावर उपाय एकच, शस्त्र शक्यतो होल्स्टरमधून काढूच नये. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे, नळी नको त्या दिशेला वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे हेही पाहावे, हे चार नियम हाडीमाशी खिळेपर्यंत सराव करावा लागतो.

सीमारेषा ओलांडताना

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका महिलेला २०१३मध्ये न्यू जर्सीत अटक झाली. जवळ शस्त्र असल्याचे तिने स्वतःच पोलिसांना सांगितले होते. तुरुंगवासाच्या टांगत्या तलवारीतून तिची सुटका झाली आणि २०१५ साली गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. मिशिगनमध्ये पोलिसांनी अडवताच शस्त्राची माहिती आपणहून देणे बंधनकारक आहे. अन्यत्र नियम वेगळा असू शकतो. ज्या ठिकाणाचे ५१ टक्के उत्पन्न मद्यविक्रीतून येते, तेथे टेक्सासमध्ये शस्त्र नेता येत नाही.

सवय अंगवळणी पडली की विसर पडण्याचा धोका वाढतो. २०२४ साली अमेरिकी विमानतळांवरील तपासणीत ६,६७८ बंदुका सापडल्या आणि त्यांतील बहुसंख्य भरलेल्या होत्या.

स्वभावाची परीक्षा

शस्त्र अंगावर असताना भांडणाचा अर्थच पालटतो. रस्त्यावरची बाचाबाची, वाहन लावण्याच्या जागेवरून झालेली शिवीगाळ यांत शस्त्रधारी व्यक्तीने दोन पावले मागे जावे, हेच प्रशिक्षक शिकवतात. सुटलेली गोळी परत घेता येत नाही. मद्य आणि शस्त्र यांची सांगड कधीच घालायची नसते.

खरी कसोटी घरात लागते. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोतील हेडन येथे एका दुकानात, परवानाधारक आईच्या पिशवीतील पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागले आणि सुटलेल्या गोळीने तिचा मृत्यू झाला. अमेरिकेतील बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हेही ध्यानी घ्यायला हवे. म्हणूनच अंगावर नसलेले शस्त्र कुलपाच्या पेटीतच हवे.

अशा परवान्यांनी गुन्हे घटतात की वाढतात, यावर विद्वानांत एकमत नाही. जॉन लॉट यांनी १९९८च्या ग्रंथात गुन्हे घटतात असे मांडले, तर स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू यांच्या संशोधनाने हिंसक गुन्हे वाढतात असा निष्कर्ष काढला.

मराठी माणसाने काय जाणावे?

नोकरीनिमित्त ‘एच-१बी’ व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्यांना, वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, संघराज्याचा कायदा बंदूक बाळगू देत नाही. ‘ग्रीन कार्ड’धारकांना ती मुभा आहे. भारतात शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. वरातीत हर्षभराने निष्काळजी गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

देश कोणताही असो, परवाना केवळ शस्त्र बाळगण्याची अनुमती देतो. ते बाळगण्याची पात्रता दररोज, प्रत्येक प्रसंगी सिद्ध करावी लागते. शस्त्र वापरण्याची वेळच न आणणारा परवानाधारक हाच खरा सुजाण परवानाधारक होय.