दिंडोरी

दिंडोरी : नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, कोरड्या लाल वाईनसाठी, विशेषतः शिराझसाठी, नावाजलेला द्राक्षपट्टा. नाशिकच्या उत्तरेस सुमारे २५ किमी., वणी-कळवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पश्चिमेकडे सह्याद्री, उत्तरेकडे सातमाळ्याची रांग. मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवणारा रामशेज किल्ला याच तालुक्यात आहे. कादवा खोऱ्यातील वाघाड, करंजवण, ओझरखेड, पालखेड या धरणांच्या पाण्याने येथे बागायत फुलली. खाण्याच्या द्राक्षांना खोलगट भागातील काळी जमीन मानवते. वाईनच्या वेलींसाठी मात्र चढावरची निचऱ्याची मुरमाड जमीन सरस. भारी जमिनीत नुसता पाला माजतो.

येथील वाईनचा स्वभाव ठरतो तो छाटणीच्या वेळापत्रकाने. युरोपात थंडीत वेली सुप्तावस्थेत जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तिकडे तोडणी होते. दिंडोरीत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करतात आणि पाऊस ओसरू लागला की गोडी बहाराची छाटणी घेतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर पेस्ट लावतात. घड थंडीत वाढतात, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उतरतात. दुपारच्या उन्हात साखर चढते, रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकते. या दोन महिन्यांत अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली, तर वर्षाची मेहनत पाण्यात जाते.

शिराझचा मणी बारीक, काळानिळा, जाड सालीचा व बियांचा. तो फुगवण्यासाठी खाण्याच्या द्राक्षांसारखे संजीवकात बुडवणे येथे नको असते, कारण रंग आणि तुरटपणा सालीतच असतो; रस जवळजवळ बिनरंगी निघतो. म्हणून मणी सालीसकट आंबवतात. आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात. तळाचा रस पंपाने त्यावर पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. साखर जवळजवळ सगळी आंबून गेली की वाईन कोरडी होते. पुढे काही वाईन ओकच्या पिंपांत मुरवतात. चांगल्या दिंडोरी शिराझला गडद जांभळा रंग, पिकल्या जांभळा-करवंदाचा वास आणि घोटाच्या शेवटी काळ्या मिरीचा झणका असतो. हा झणका शिराझच्या सालीतील रोटंडोन या द्रव्याचा. उष्ण हवेमुळे वाईन भरदार होते. उशिरा तोडलेला माल मात्र जड आणि मुरंब्यासारखा लागतो. वेळेवर केलेली तोडणी हेच येथील खरे कसब, असे म्हणायला हरकत नाही.

नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या सुला या वायनरीच्या ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’मुळे तालुक्याचे नाव बाटलीवर गेले. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वायनऱ्या वाढल्या. पण २००८ नंतरच्या मंदीत मागणी आटली, अनेक छोट्या वायनऱ्या बंद पडल्या आणि बागायतदारांनी वाईनच्या बागा तोडल्या. खाण्याची द्राक्षे बाजारात नेता येतात, शिराझला वायनरीखेरीज गिऱ्हाईक नाही. त्या पडझडीचा भार शेतकऱ्यावर पडला, हे विसरता कामा नये. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले.

ही वाईन आपल्या हवेत थोडी गार करून, १६ ते १८ अंश सेल्सिअसला घ्यावी. काळ्या मसाल्याच्या मटणाशी तिची मिरी छान जमते. तिखट फार असेल तर अल्कोहोल घशाला जाळते आणि फळाची चव हरवते.