सहा मिनिटांची चाल

तासगावात आमच्या आत्याला तब्येत विचारली की ठरलेलं उत्तर यायचं, "बसून बरी हाय की!" चाळीस वर्षं चुलीच्या धुरात भाकऱ्या थापलेल्या. चार पावलांत दम लागे. आम्ही म्हणायचो, वय झालं.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. राज्याच्या आरोग्य विभागानं सांगितलं, बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघा, सहा मिनिटं चाला, पुन्हा बघा. ९३च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त घसरला, तर दवाखाना गाठा. साठीपुढच्यांना तीन मिनिटंही चालत. आत्या सोप्यात बसलेली असताना ९५. अंगणात तीन मिनिटं चालल्यावर ८७! तपासण्या झाल्या. कोरोना नव्हताच, फुफ्फुसाचा जुना विकार निघाला, डॉक्टरांच्या भाषेत सीओपीडी.

श्रोतेहो, ही चाचणी मुळात आजाऱ्यांची नव्हेच. १९६८ साली डॉ. केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलातल्या धडधाकट जवानांना बारा मिनिटं पळवून त्यांचा दमसास जोखला. १९७६मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी पळण्याऐवजी चालणं घेतलं, जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांसाठी. तेवढंही जड जाई, म्हणून १९८२मध्ये सहा मिनिटांची चाल पुढे आली. मोजत ते फक्त अंतर. नाडीच्या ठोक्यांबरोबर रक्तातला ऑक्सिजन प्रकाशानं ओळखायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४मध्येच मांडली होती. तिची पुढे या चालीशी सांगड बसली.

आता आत्याकडे गॅस आहे. डॉक्टर तिला अधूनमधून दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात चालवतात. धाप लागली तर थांबायची मुभा असते. घड्याळ मात्र चालूच ठेवतात, याचा तिला भारी राग.