सदिशाला दोन गुणाकार का असतात?

अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक व्याख्या भेटते. जिला फक्त परिमाण असतं ती अदिश राशी, आणि जिला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात ती सदिश राशी. इंग्रजी माध्यमवाल्यांसाठी स्केलर आणि व्हेक्टर. वस्तुमान, तापमान, चाल एका डब्यात. विस्थापन, वेग, बल दुसऱ्या डब्यात. पाठ करा, दोन मार्क घ्या, पुढे चला.

इथवर ठीक. पण मग थोड्याच पानांनी कळतं की सदिशांचे गुणाकार दोन असतात. डॉट आणि क्रॉस. एकाचं उत्तर अदिश, दुसऱ्याचं सदिश. एकात कोसाइन, दुसऱ्यात साइन. वर क्रॉसमध्ये क्रम उलटा केला की उत्तरापुढे उणे चिन्ह! साध्या आकड्यांचं एका गुणाकारावर भागतं, मग सदिशांचेच एवढे लाड का? वर्गात विचारलंत तर बहुतेक वेळा 'व्याख्याच तशी आहे' एवढंच उत्तर मिळतं. खरं उत्तर इतिहासात आहे. हे दोन गुणाकार मुळात एकच होते. ते नंतर तोडले गेले.

तर मंडळी, गोष्ट सुरू होते डब्लिनमध्ये. विल्यम रोवन हॅमिल्टन (१८०५-१८६५) हा तिथला मोठा गणिती. संमिश्र संख्यांनी गुणलं की सपाट कागदावरचा बाण फिरतो, हे तोवर माहीत झालं होतं. आयने गुणा, बाण ९० अंशांनी वळतो. हॅमिल्टनला हेच त्रिमितीत हवं होतं. कागदावर दोन आकडे पुरतात, म्हणजे अवकाशात तीन पुरतील, असा त्याचा सरळ हिशोब. त्रिकुटांची बेरीज व्हायची, गुणाकार काही केल्या जमेना. त्याची मुलं म्हणे नाश्त्याला रोज विचारायची, की बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का? आणि बाबा मान हलवून नाही म्हणायचे.

१६ ऑक्टोबर १८४३, सोमवार. बायकोबरोबर रॉयल कालव्याच्या काठाने तो रॉयल आयरिश अकादमीच्या सभेला निघाला होता. चालता चालता डोक्यात वीज चमकली. तीन नाही, चार आकडे लागतात! विचार केला तर पटतं. बाण कुठल्या अक्षाभोवती फिरवायचा हे सांगायला दोन आकडे, किती फिरवायचा याला एक, आणि किती ताणायचा याला एक. झाले चार. पठ्ठ्याने खिशातला चाकू काढला आणि ब्रूम पुलाच्या दगडावर सूत्र कोरलं: आयचा वर्ग, जेचा वर्ग, केचा वर्ग आणि तिघांचा गुणाकार, सगळे बरोबर उणे एक. कोरलेलं आता दिसत नाही, पण १९५८ साली तिथे पाटी लावली गेली.

या चार आकड्यांच्या संख्येला त्याने क्वाटर्नियन नाव दिलं. मग तिचे दोन भाग पाडले. एकटा आकडा उणे अनंतापासून अधिक अनंतापर्यंत एकाच मोजपट्टीवर वरखाली होतो, म्हणून तो स्केलर. मूळ लॅटिन शब्द 'स्काला', म्हणजे शिडी. उरलेले तीन आकडे तुम्हाला एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूकडे वाहून नेतात, म्हणून ते व्हेक्टर. वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. म्हणजे हे दोन स्वतंत्र डबे नव्हते, एकाच संख्येचे दोन तुकडे होते.

आता गंमत बघा. नुसते दोन व्हेक्टर घेऊन हॅमिल्टनच्या नियमाने गुणा. उत्तरात दोन भाग येतात. स्केलर भाग म्हणजे उणे चिन्हासकट आपला डॉट, आणि व्हेक्टर भाग म्हणजे आपला क्रॉस. आय गुणिले जे बरोबर के, पण जे गुणिले आय बरोबर उणे के. क्रॉसचा तो तऱ्हेवाईकपणा इथून आला.

याच सुमारास, १८४४ साली, प्रशियातल्या श्टेटिनमध्ये हर्मान ग्रासमन नावाच्या शाळामास्तराने वेगळ्या वाटेने असंच, किंबहुना जास्त व्यापक गणित लिहिलं. कुणी वाचलं नाही. १८६४ मध्ये प्रकाशकाने सुमारे ६०० प्रती रद्दीत काढल्या. ग्रासमन पुढे संस्कृतकडे वळला. त्याने ऋग्वेदाचा कोश (१८७३ पासून) आणि जर्मन अनुवाद केला, आणि तिथे मात्र त्याला मान मिळाला. आपल्याकडे वेदांचे अभ्यासक त्याला ओळखतात, फिजिक्सवाले फारसे नाही!

तोडफोड केली ती दोघांनी. अमेरिकेत येलचा प्राध्यापक विलर्ड गिब्ज, आणि इंग्लंडमध्ये शाळा सोळाव्या वर्षी सोडलेला, तारखात्यातला माजी ऑपरेटर ऑलिव्हर हेविसाइड. दोघेही मॅक्सवेलचा १८७३ चा विद्युतचुंबकत्वावरचा ग्रंथ वाचून या वाटेला लागले. दोघांच्याही स्वतंत्रपणे लक्षात आलं की फिजिक्समध्ये पूर्ण क्वाटर्नियन क्वचितच लागतो. ट्रॉली ढकलताना झालेलं कार्य हवं असेल तर बलाचा विस्थापनाच्या दिशेतला हिस्सा पुरतो, म्हणजे नुसता डॉट. पान्याने नट आवळताना आडवा हिस्सा कामाचा, म्हणजे नुसता क्रॉस. शिवाय हॅमिल्टनच्या पद्धतीत वेगाचा वर्ग ऋण येतो, म्हणजे गतिज ऊर्जा धन ठेवायला मुद्दाम एक उणे जोडा! गिब्जने १८८१ आणि १८८४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका छापून घेतली, त्यात दोन्ही गुणाकार सुटे केले. हेविसाइडने याच भाषेत मॅक्सवेलची समीकरणं आज आपण शिकतो त्या चारांवर आणली.

एडिंबरोचा पीटर टेट, हॅमिल्टनचा कट्टर चेला, भयंकर चिडला. हॅमिल्टन आणि ग्रासमनच्या चिन्हांची भेसळ करून गिब्जने राक्षस बनवलाय, अशा अर्थाचं त्याने १८९० मध्ये छापलं. मग 'नेचर'मध्ये काही वर्षं जुंपली. शेवटी १९०१ मध्ये गिब्जच्या व्याख्यानांवरून एडविन विल्सनने पाठ्यपुस्तक लिहिलं आणि सामना संपला. आपलं अकरावीचं प्रकरण त्याच घराण्यातलं.

सोय झाली, पण किंमतही मोजली. गुणाकार तोडल्यावर जोडणारा धागा पुस्तकातून गेला आणि मागे अर्धवट व्याख्या उरली. विद्युतधारेला परिमाण आहे, दिशाही आहे, तरी ती अदिश. कारण जोडावर ३ आणि ४ अँपिअर आले की ७ च निघतात, तारांमधला कोन काहीही असो. ३ आणि ४ न्यूटनची बलं काटकोनात लावली तर मात्र ५. खरी परीक्षा दिशेची नाही, बेरजेची आहे.

अजून एक. पुस्तक हातात धरून आधी ९० अंश पुढे पाडा, मग उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा. आता हेच उलट्या क्रमाने करा. पुस्तक वेगळ्याच स्थितीत येतं. फिरवण्याला परिमाण आहे, दिशा आहे, पण क्रम बदलून चालत नाही, म्हणून ते सदिश नाही. आणि नेमकं इथे हॅमिल्टनचं सबंध यंत्र लागतं. १९८५ मध्ये केन शूमेकने कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांना क्वाटर्नियनने फिरवायला शिकवलं. आज गेममधलं पात्र मान वळवतं किंवा अवकाशयान आपला रोख बदलतं, तेव्हा आत बहुतेक वेळा तेच चार आकडे फिरत असतात.

तेव्हा घरात कुणी अकरावीचं पोर 'दोन गुणाकार का?' म्हणून विचारत असेल, तर त्याला व्याख्येवर गप्प बसवू नका. टेट आणि हेविसाइड याच प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडले होते. प्रश्न चांगलाच आहे.