दर्याने बदललेला माणूस

समुद्राच्या पोटात कॅमेरा नेणाऱ्या फ्रेंच नौदल अधिकारी जाक कुस्तो यांना आम्ही मानतो, ते केवळ शोधांसाठी नव्हे. १९४३ मध्ये त्यांनी एमिल गान्यां यांच्यासह पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र बनवले. लुई माल यांच्यासह केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पुढे ऑस्करही. पण त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळाजवळ सुरुंग उडतो, शार्क मारले जातात. तेच कुस्तो १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याविरुद्ध उभे राहिले. पुढे अंटार्क्टिकाला खाणींपासून वाचवण्यासाठी झटले. चूक पडद्यावर कायमची राहिली, माणूस मात्र तिथे थांबला नाही. यंदा बाप्पाला पाण्यात निरोप देताना आपणही तेवढे शिकूया.