साचा शीतन : प्रवाह सदृशीकरण

इंजेक्शन मोल्डिंगच्या साच्यातील शीतवाहिन्यांमधून पाणी कसे वाहील आणि किती उष्णता नेईल, याचे साचा कापण्यापूर्वी संगणकावर केलेले गणित. एक नग काढायला लागणाऱ्या वेळेतला निम्म्याहून अधिक वेळ बहुधा तो थंड होण्यातच जातो. तो असमान थंड झाला तर वाकतो. पोलादात एकदा पाडलेले छिद्र हलवता येत नाही, म्हणून हे गणित आधीच करणे शहाणपणाचे.

इतिहास : या कामाचे ‘मोल्डफ्लो’ हे सॉफ्टवेअर कॉलिन ऑस्टिन यांनी 1978 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केले, 2008 मध्ये ते ऑटोडेस्ककडे गेले. प्रवाहाच्या गणिताचे ‘ओपनफोम’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते.

मांडणी : प्लॅस्टिक, पोलाद व पाणी असे तीन भाग घेऊन त्यांची जाळी विणतात. वाहिनीच्या भिंतीलगत ती बारीक ठेवतात, कारण उष्णता तिथूनच पाण्यात शिरते. पाणी शिरते तिथे प्रवाह व तापमान, बाहेर पडते तिथे दाब देतात. रेनल्ड्झ अंक (प्रवाहातील जडत्व व चिकटपणा यांचे गुणोत्तर) 4,000 च्या वर गेला की प्रवाह खळाळता होतो. व्यवहारात 10,000 धरतात. 10 मिमी वाहिनीत 25 अंश से.च्या पाण्याला त्यासाठी मिनिटाला सुमारे 4.2 लिटर प्रवाह लागतो. ते पाणी 2 अंशांनी तापून बाहेर आले, तर जवळजवळ 590 वॅट उष्णता गेली. प्लॅस्टिकने दिलेल्या उष्णतेशी हा हिशेब जुळलाच पाहिजे. वाहिन्या समांतर जोडल्या असतील तर पाणी सोप्या वाटेने पळते, म्हणून प्रत्येक वाटेचा प्रवाह वेगळा तपासावा.

स्थानिक संदर्भ : वैनगंगेकाठच्या मार्कंड्यापासून या विद्येचे जवळचे ठिकाण म्हणजे चंद्रपूरचे ‘सिपेट’ या प्लॅस्टिक-तंत्रशिक्षण संस्थेचे केंद्र, मूळ संस्था 1968 मध्ये चेन्नईत स्थापन झाली. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. तेव्हा कूलिंग टॉवरचे पाणी हिवाळ्याइतके गार मिळत नाही. पावसाळ्यात चिलरचे पाणी फार गार ठेवले तर दमट हवेने साच्याला घाम फुटतो. म्हणून पुस्तकातले 25 अंश तसेच न भरता प्रत्येक ऋतूचे तापमान मोजून घालावे.

पडताळणी : बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून, घड्याळ लावून मोजावे, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याला तापमापक लावावा. वाहिनीत क्षार बसला की उष्णता अडते, त्यामुळे नव्या साच्याचे उत्तर जुन्याला लागू पडत नाही. हे मोजमाप गणिताशी जुळले तरच संगणकाने पडद्यावर रंगांत दाखवलेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा.